एका ओळीचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे लिहिणारी मंडळी मोठी भाग्यवान. त्यांना पुस्तक फुकट मिळते आणि ते न वाचताही त्यावर चार परिच्छेद लिहिता येतात. मी पडलो बँकेतला कारकून, शिक्षण बी.कॉम. माझ्या वाट्याला परीक्षणासाठी जे वाङ्मय आले ते अवघ्या एका ओळीचे. पण ते मी अक्षर न् अक्षर वाचले आहे. ती ओळ अशी:

२०२३-०३-३१ १८:४५:००

वरवर पाहता ओळीत खोट काढायला जागा नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तास. लग्नघरी पाया पडावे तसा थोरांपासून धाकट्यांपर्यंत क्रम. शिवाय सेकंदापर्यंत काटेकोर. आमच्या मोहाडीत लग्नाचा मुहूर्तसुद्धा इतका नेमका साधत नाही.

ही ओळ माझ्या टेबलावर आली ती एका धानवाल्या काकांबरोबर. पीककर्ज ३१ मार्चच्या आत फेडले की व्याजात सवलत होती. त्यांच्या मुलाने त्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला मोबाईलवरून पैसे भरले होते. वरची ओळ त्याच पावतीची. आमच्या यादीत मात्र भरण्याची वेळ होती १ एप्रिल, रात्री सव्वाबारा. सवलत गेली आणि काकांचे नाव थकबाकीदारांत जाऊन बसले.

"साहेब, पैसे त भरलो ना जी आमी. दिवस बुडला होता, पन तारीख त तेच होती ना?"

"काका, मशीन असंच दाखवतंय," मी म्हणालो. या वाक्यापुढे आमच्या धंद्यात देवाचेही चालत नाही. पण काका उठले नाहीत. बाकावर बसून राहिले. त्यामुळे माझ्यावर विचार करायची वेळ आली.

ताळा जुळत नसला की जुना कारकून आधी फरक बघतो. फरकाला ९ ने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे सापडली तर ती चुकीच्या बाजूला पडली असावी. इथे फरक होता साडेपाच तासांचा. हा आकडा तर शाळेपासून ओळखीचा! आपले घड्याळ ग्रिनिचच्या पुढे तेवढेच धावते. मग त्या दिवसाची सगळी यादी काढली. संध्याकाळी साडेसहानंतरचा प्रत्येक भरणा दुसऱ्या दिवशी गेलेला. त्याआधीचा एकही नाही.

झाले होते ते असे. एका प्रोग्रॅमने डेटाबेसमध्ये आपली भारतीय वेळ लिहिली, पण ती भारतीय आहे हे लिहिले नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमने वाचताना ती ग्रिनिचची समजून मोठ्या इमानाने तीत साडेपाच तास मिळवले. थोडक्यात, एकच रक्कम दोनदा जमा! हेच उलटेही घडते. १ एप्रिलची मध्यरात्र ग्रिनिचच्या हिशेबात ३१ मार्चची संध्याकाळची साडेसहा असते. नुसती जन्मतारीख कोणी भारतीय मध्यरात्र म्हणून साठवली आणि तिकडच्या घड्याळाने वाचली, तर माणूस एक दिवस आधी जन्माला येतो.

तेव्हा परीक्षक म्हणून माझे मत असे, की ही ओळ अपुरी आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी पत्राच्या कोपऱ्यात कधी नुसती तारीख टाकली नाही. आधी 'मोहाडी', मग 'दि.' पंचांगवालेही सूर्योदय कुठल्या गावचा ते छापतात. रेखांशाच्या हिशेबाने मोहाडीचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ११ मिनिटे मागे आणि मुंबईच्या सूर्याच्या सुमारे २७ मिनिटे पुढे असतो. प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे चालणारी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत टिकून होती. तिथे सभेला बोलावणाऱ्याला कुठल्या घड्याळाने ते सांगावे लागे. न सांगणाऱ्याच्या सभेत पाऊण तास खुर्च्याच बसून राहात असतील.

बरे, साडेपाच हा आकडा तरी कायमचा म्हणावा, तर तेही नाही. महायुद्धात, १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत, भारताची घड्याळे तासभर पुढे केली होती. म्हणजे फरक साडेसहा. शेजारच्या नेपाळचा फरक पावणेसहा. म्हणून शहाणे लोक मनाने आकडा मिळवत नाहीत. संगणकात यासाठी वेळांची एक मोठी सारणी असते, तिला 'एशिया/कोलकाता' असे नाव सांगितले की त्या त्या तारखेचा फरक ती काढून देते. आणि भरण्यासारखा घडलेला क्षण लिहायचा तो ग्रिनिचच्या हिशेबाने, किंवा शेपटीसकट:

२०२३-०३-३१टी१८:४५:००+०५:३०

(मधल्या 'टी'चा चहाशी संबंध नाही, तिथून वेळ सुरू होते एवढेच.) जन्मतारखेसारखी नुसती तारीख मात्र तारीखच राहू द्यावी, तिला उगाच घड्याळ बांधू नये. आणि बिनशेपटीची वेळ समोर आली तर अंदाजाने पुढे न ढकलता परत करावी. तारीख नसलेला चेक मी परत करतो. तेव्हा खातेदाराच्या मनात कोणती तारीख होती याचा अंदाज बांधत बसत नाही.

मी हे सगळे कागदावर मांडून वर पाठवले. तिसऱ्या आठवड्यात दुरुस्ती झाली. काकांना सवलत मिळाली, आणि त्या साडेसहानंतरच्या इतर खातेदारांनाही. त्यातल्या पुष्कळांना आपण मधल्या काळात थकबाकीदार होतो याचा पत्ताच नव्हता. मला झोंबले ते हेच. बाकावर बसून राहायला वेळ असलेले काका एकच होते.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. परवा सौ. म्हणाली, "आठ वाजले, जेवायला चला."

"कुठले आठ?" मी विचारले.

"मोहाडीचे! आणि वरणसुद्धा मोहाडीचंच आहे, निवून चाललंय."

स्थळ, काळ, दोन्ही स्पष्ट. या ओळीत मला एकही दोष काढता आला नाही. मुकाट्याने पानावर जाऊन बसलो.