‘धर्माचं’ की ‘धर्माविषयी’?

‘अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार’ हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२चा निकाल मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा तो पटला होता. एनसीईआरटीच्या २०००च्या अभ्यासक्रम आराखड्यात मुलांना सगळ्या धर्मांची ओळख करून द्यावी, असं म्हटलं होतं. त्याला आव्हान दिलं गेलं, कारण पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असं घटनेचं कलम २८(१) सांगतं. न्यायालयानं आव्हान फेटाळलं. धर्माचं शिक्षण वेगळं, धर्मांविषयीचं वेगळं. मनाई पहिल्याला आहे.

हा भेद योग्यच आहे. शेजारच्या घरात रोजे का धरतात, १९५६ साली नागपूरला लाखो लोकांनी धर्म का बदलला, हे ठाऊक नसलेलं मूल नागरिकशास्त्रात पैकीच्या पैकी मार्क मिळवूनही अडाणीच राहतं.

पण हा भेद वर्गात ओळखायचा कसा? न्या. धर्माधिकारी हा प्रयोग नाजूक आणि अवघड असल्याचं मान्य करतात, आणि तो राबवणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर भिस्त ठेवतात. न्या. शहांनी आधार घेतलाय तो शंकरराव चव्हाण समितीच्या मूल्यशिक्षणावरच्या १९९९च्या अहवालाचा. सत्य, सदाचार, शांती, प्रेम, अहिंसा ही मूल्यं आणि धर्मांची ओळख, दोन्ही एकाच पिशवीत. घोळ इथेच होतो. धर्म हा मूल्यांचा झरा म्हणून शिकवायचा ठरलं, की त्याची चांगली बाजूच उरते. मग आंबेडकरांनी धर्म का सोडला, हे त्या पाठात बसणार कुठे? २०२२मध्ये गुजरात सरकारनं सहावी ते बारावीला भगवद्गीता शिकवायची घोषणा केली, तीही मूल्यांच्याच नावानं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ‘डिफॉल्ट’ जे ठेवाल, तेच बहुतेक लोक वापरतात. सेटिंग बदलायला फार थोडे जातात. कलम २८(३) म्हणतं, की अनुदानित शाळेतसुद्धा पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सामील करता येत नाही. म्हणजे आधी विचारा. आमची शाळा अनुदानित होती. परिपाठाआधी कुणी काही विचारल्याचं आठवत नाही. हात जोडणं हेच डिफॉल्ट. माझ्या शेजारचा मुलगा डोळे मिटायचा, हात मात्र खिशात ठेवायचा. बाई बघायच्या आणि गप्प राहायच्या. तो त्यांचा चांगुलपणा होता. घटनेनं त्याला हक्क दिला होता, आम्ही मात्र सवलत समजत होतो.

निकालात एक साधी कसोटी हवी होती. त्या तासाला मूल उभं राहून ‘हे खरं कशावरून?’ असं विचारू शकतं का? आणि विचारल्यावर त्याला खाली न बसवता उत्तर मिळतं का? मिळत असेल, तर ते धर्माविषयीचं शिक्षण. नसेल, तर वेळापत्रकात तासाला नाव काहीही द्या, ते धर्माचंच शिक्षण आहे.