एक कोटीत एक

लॉटरी घेणाऱ्याला गणित कळत नाही, असं आपण शिकलेले लोक सहज म्हणतो. गणित सोपंच आहे. एक कोटीत एक संधी असेल, तर रोज एक तिकीट घेऊन सरासरी सत्तावीस हजार वर्षं थांबायचं! पण जरा शहापूरकडे बघू या. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं, आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हक्काचं पाणीसुद्धा नशिबानं मिळत असेल, तर माणूस नशिबावर चार पैसे लावणारच. म्हणून आमचा आक्षेप घेणाऱ्यावर नाही. १९६९पासून राज्य लॉटरी शासनच चालवतं. पाण्याची खात्री देणं ज्याचं काम, त्यानं नशीब विकायला बसावं का, एवढंच आम्ही विचारतो.