अंगठ्याची साक्ष

म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेच्या संस्थापिका चेतना गाला सिन्हा यांचे २०१८ सालचे 'टेड' व्यासपीठावरील इंग्रजी व्याख्यान ऐकून आम्हांस प्रथम आनंद झाला. शंका आली ती मागाहून.

आनंदाचे कारण उघड आहे. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याची हकीकत सांगताना वक्त्या कोठेही करुणा भाकीत नाहीत. रस्त्याकडेला राहणाऱ्या, लोहारकाम करणाऱ्या एका बाईस पावसाळ्यापूर्वी छपरावर प्लॅस्टिक घालण्यापुरती बचत करावयाची होती. रक्कम क्षुल्लक म्हणून बँकेने खाते नाकारले. तेव्हा बायकांनी आपलीच बँक काढण्याचे ठरविले. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर, या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि 'आम्ही व्याज तोंडी काढतो, आपल्या अधिकाऱ्यांनीही यंत्रावाचून काढून दाखवावे' असे त्यांनी बजावले. १९९७ साली बँक उभी राहिली. सांगली बँक (१९१६) आणि साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न (१९३६) यांचा अभिमान बाळगून, त्या इतर बँकांत विलीन झाल्यावर हळहळलेल्या आम्हां सुशिक्षितांनी ही कथा अवश्य ऐकावी.

शंका उत्पन्न होते ती उत्तरार्धाविषयी. ए.टी.एम.चा पिन कोणीही चोरील, अंगठा कोण चोरणार, तेव्हा अंगठ्याचाच ठसा घ्या, असे बायका सुचवितात. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला, त्यालाच तिजोरीच्या किल्लीचा मान मिळावा, ही कल्पना मोठी मोहक आहे; परंतु या भागाचा इतिहास निराळी साक्ष देतो. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यातून निघालेला १८७९ चा कायदा ज्या चार जिल्ह्यांस लागू झाला, त्यांत सातारा होता. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा त्यातच मोडत असे. कुणब्याचे खत ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावे, असा त्याचा दंडक होता. कारण कुणब्याची निशाणी, मग ती नांगराची असो वा अंगठ्याची, सावकारास चोरावी लागतच नसे. न वाचलेल्या कागदावर तो ती आपण होऊनच करी. आणि आता तर ठसाही चोरीस जातो. नोंदणी झालेल्या दस्तांवरील ठशांवरून नकली ठसे बनवून आधार-जोडणीच्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात उघडकीस आले आहेत.

म्हणून व्याख्यानाचे खरे मर्म आम्हांस पूर्वार्धातच दिसते. त्या बायकांचे संरक्षण अंगठ्याने झाले नाही, ते हिशेबाने झाले. 'आर्थिक समावेशन' हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. खाते उघडले व यंत्र बसविले की तो सार्थ झाला असे मानण्यात येते. यंत्राने बँक दारी आणली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पडद्यावरील आकडा जिला वाचता येत नाही, तिच्यापुरते ते यंत्र म्हणजे जुने खतच होय. दोष केवळ दुसऱ्यांकडे आहे असेही नाही. आमच्या घरच्या मोलकरणीचा पगार आम्ही फोनवरून तिच्या खात्यात धाडतो. त्याचा इंग्रजी संदेश तिला कोण वाचून दाखवितो, याची चौकशी आम्ही आजवर केलेली नाही.