पांढऱ्या रश्श्याची कसोटी

कोल्हापुरी म्हणजे जाळ, हा समज परगावच्या हॉटेलांच्या पाट्यांनी पसरवला, तोवर मी कोल्हापूरकर गप्प होतो. पण आता आमच्याच काही खानावळी पाहुण्यांची हौस पुरवायला रश्श्यात तिखट ओतू लागल्या आहेत. तेव्हा बोलणे भाग आहे.

आमच्या कांदा-लसूण मसाल्यात मिरची असते, हे खरे. पण तिच्या जोडीला सुके खोबरे, तीळ, धनेही असतात. तांबड्या रश्श्याची चव या साऱ्यांच्या मेळातून येते. पांढऱ्या रश्श्यात तर लाल तिखट नसतेच. मटणाचे अळणी पाणी, नारळाचे दूध आणि खसखस यांवर त्याची सारी भिस्त. पाणी कच्चे राहिले की पहिल्या घोटालाच कळते. म्हणून खानावळीची परीक्षा मी त्याच्यावरून करतो.

मिसळीचेही तेच. कट वेगळा मिळावा, आपल्या बेताने ओतून घ्यावा, पावाच्या कापाबरोबर मटकीची चव जिभेला लागावी. नुसते डोळ्यांत पाणी आणणे ही पाककला नव्हे.

दिवाळीत कोल्हापुरास येणाऱ्या वाचकांनी आधी पांढरा रस्सा मागावा. तो जमला असेल, तरच तांबड्याकडे वळावे.