क्रियापदांची तीन रूपे आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या तासाची ओळखीची खूण म्हणजे 'गो-वेन्ट-गॉन'चा तक्ता. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. त्यापूर्वी ती पाचवीपासून होती. विषयाची वर्षे वाढली. तक्ता मात्र बहुतांशी तोच राहिला. नववीतील विद्यार्थी क्रियापदांची तीन रूपे न अडखळता म्हणून दाखवितो आणि त्याच वहीत 'डिड यू वेन्ट?' असे लिहितो. ही विसंगती केवळ निष्काळजीपणातून येते काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तक्त्याची बाजू

तक्ता सर्वस्वी टाकाऊ आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. 'बी', 'हॅव', 'डू', 'से', 'गो' ही इंग्रजीतील अत्यंत वापरातली क्रियापदे अनियमित आहेत. त्यांची रूपे नियमाने साधता येत नाहीत. म्हणून काही पाठांतर अटळ आहे. आक्षेप आहे तो मांडणीवर. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत 'सिंग-सँग-संग' आणि 'रिंग-रँग-रंग' ही सारख्या वळणाची क्रियापदे एकमेकांपासून दूर पडतात. 'ब्रॉट', 'बॉट', 'थॉट' यांचे साम्य कानावर येत नाही. 'वॉक्ड', 'प्लेड', 'वॉन्टेड' यांच्या अखेरीस अनुक्रमे ट्, ड् आणि इड् असे निरनिराळे उच्चार आहेत, हे तर लिखित तक्ता सांगूच शकत नाही.

शिवाय, अनियमितपणा मराठी मुलाला नवा नाही. 'जा'चे 'गेला', 'कर'चे 'केला', 'ये'चे 'आला' आणि 'हो'चे 'झाला' तो शाळेत येण्यापूर्वीच बोलत असतो. 'जा' हे संस्कृत 'या' धातूपासून आले, तर 'गेला'चे मूळ 'गत' या रूपात आहे. 'वेन्ट' हे रूपही मुळात 'वेन्ड' या निराळ्या क्रियापदाचे. दोन्ही भाषांनी एकच युक्ती केली, हे वर्गात सांगितले तर तक्त्याचा परकेपणा बराच कमी होईल.

रूप आणि वापर

तक्त्याची खरी मर्यादा पुढेच आहे. तो रूप देतो, वापर देत नाही. 'तो गेला', 'तो गेला का?', 'तो गेला नाही' या तिन्ही वाक्यांत मराठीचे भूतकाळी रूप जागचे हलत नाही. इंग्रजीत मात्र प्रश्न व नकार येताच भूतकाळाची खूण 'डिड'वर जाते आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परतते. म्हणजे 'डिड यू वेन्ट?' लिहिणारा विद्यार्थी मराठीचा नियम काटेकोरपणे पाळत असतो.

'मी कालच फी भरली आहे' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. त्याचे शब्दशः 'आय हॅव पेड द फी यस्टरडे' केले की चूक ठरते. कारण इंग्रजीतील ही रचना 'काल'सारखा संपून गेलेला निश्चित काळ सहसा स्वीकारत नाही. 'उद्या पाऊस आला तर' यात भूतकाळी रूप भविष्याविषयी बोलते, तर इंग्रजी अशा ठिकाणी साध्या वर्तमानकाळाचे रूप वापरते. 'आलोच' असे म्हणणारा माणूस अजून आलेला नसतो, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. रूप वेगळे व काळ वेगळा, हा व्याकरणातील अवघड विचार त्याच्या बोलण्यात आधीच आहे. तो तेथून उचलण्याचे काम वर्गात होत नाही.

अध्यापनाची दिशा

यास्तव तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, क्रियापदे वर्णानुक्रमाने न देता ध्वनिसाम्याने गटवार द्यावीत व मोठ्याने म्हणवून घ्यावीत. दोन, प्रत्येक रूप विधान, प्रश्न व नकार अशा तिन्ही वाक्यांत एकत्र शिकवावे. तीन, मराठी वाक्य शेजारी लिहून दोन्ही भाषा कोठे जुळतात व कोठे फुटतात, हे विद्यार्थ्यांकडूनच शोधून घ्यावे. यासाठी वेगळे साहित्य लागत नाही, फळा पुरतो. मोठ्या पटसंख्येच्या वर्गात वेळ कमी पडतो ही अडचण खरी आहे. परंतु त्याच चुका वर्षानुवर्षे तपासण्यात जाणारा वेळही हिशेबात धरला पाहिजे.

समारोप

ज्या मुलाच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही, त्याच्यासाठी वर्ग हेच त्या भाषेचे मुख्य दार असते. वहीतील तांबडी रेघ त्याला चूक दाखविते, चुकीचे कारण सांगत नाही. कारण न कळालेला विद्यार्थी 'इंग्रजी आपल्याला जमणारच नाही' असा निष्कर्ष काढतो, आणि तो निष्कर्ष पुढे त्याच्या शिक्षणाच्या वाटा ठरवितो. त्याच्या चुकीत त्याच्या मातृभाषेचे व्याकरण आहे, हे ओळखणे ही शिक्षकाची पहिली जबाबदारी होय. तक्ता भिंतीवर राहण्यास हरकत नाही. अध्यापन तेथे संपू नये, इतकेच.