फुंकण्याआधी वाचायची पुस्तके

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी सॅक्सोफोन घेऊन घरी आलो, तेव्हा सौ. एवढेच म्हणाली, "अहो, निदान एखादं पुस्तक तरी आणा." पुस्तकाला आवाज नसतो, हा त्यातला मुद्दा माझ्या फार उशिरा लक्षात आला.

मी बँकेतला माणूस. लेखी असल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही जन्माची खोड. अप्पा बळवंत चौकात गेलो. "सॅक्सोफोनचं पुस्तक आहे का?" म्हटल्यावर काउंटरवरच्या पोराने विचारले, "कितवीला आहे?" शेवटी बाहेरून मागवली.

पहिले लॅरी टीलचे, १९६३ सालचे 'द आर्ट ऑफ सॅक्सोफोन प्लेइंग'. ओठ कसे धरावेत, श्वास कुठून घ्यावा, रीड कशी निवडावी! हा गृहस्थ थेट आमच्या ऑडिटरचा भाऊ शोभेल. कंटाळा येतो, पण महिनाभराने माझ्या वाद्यातला बदकाचा आवाज गेला तो याच्यामुळे. नवशिक्याने आधी हेच घ्यावे. जॅझ मात्र यात शोधू नये.

त्यासाठी जेरी कोकरचे 'इम्प्रोव्हायझिंग जॅझ' (१९६४). अंगाने किरकोळ, पण डोके खाणारे. आपल्याकडे तंबोरा एकदा लागला की रात्रभर तोच सा. इथे दर दोन-चार मात्रांनी कॉर्ड बदलते. म्हणजे तंबोरेवाला सारखी खुंटी पिळतोय म्हणा ना! त्यात अल्टो सॅक्सोफोनचा स्वतःचा एक तिढा. पुस्तकातला 'सी' वाजवला की तो पेटीच्या काळी दोनला जाऊन बसतो. पेटी असलेल्या घरांसाठी ही सूचना मुखपृष्ठावर छापायला हवी.

खरा वाद माझा 'चार्ली पार्कर ऑम्निबुक'शी. १९५५ साली वारलेल्या पार्करचे साठ सोलो १९७८ साली कागदावर उतरवले. त्याला ऐन वेळी जे सुचले, ते मी पाठ करायचे आणि त्याला उत्स्फूर्त म्हणायचे! मी रागावलोच होतो. मग आठवले, भातखंड्यांनीही उस्तादांच्या चिजा 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत उतरवल्या. चीज लिहिता येते, बढत येत नाही. तरी त्या पुस्तकांवर पिढ्या शिकल्याच की. तेव्हा निम्मी तक्रार मागे घेतो. रेकॉर्ड लावून हे पुस्तक उघडा. नुसते वाचाल तर तो पार्करचा खातेउतारा आहे.

पैसे एकाच पुस्तकापुरते असतील, तर? जेमी एबरसोल्डचा पहिला भाग घ्या. १९६७ साली निघाला, पुढे मालिकेचे १३३ भाग झाले. सोबतच्या रेकॉर्डवर पियानो, बास, ड्रम वाजत राहतात. सॅक्सोफोनची जागा रिकामी. ती आपण भरायची. शिकवणे कमी, वाजवायला लावणे जास्त. दोष एवढाच, की चुकलो तरी ही मंडळी मजेत पुढे जातात. तबलजी असता तर निदान डोळे वटारले असते!

परवाच्या विसर्जनाला लक्ष्मी रोडवर मिरवणूक अडली होती. बँडमधला एक म्हातारा सॅक्सोफोनवाला सिनेमातल्या गाण्याला दर फेरीत नवी वळणे देत होता. न राहवून विचारले, "काका, हे कुठल्या पुस्तकातून?"

"कसलं पुस्तक, साहेब? पुढचा ट्रक हलेना. तेच तेच किती वेळा वाजवणार?"