स्नेअरच्या तारा सोडल्या तर: 'सेंट अँगर' पुन्हा ऐकताना

मेटॅलिकाचा 'सेंट अँगर' जून 2003 मध्ये आला. त्याच्या शीर्षकगीताला पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळालं. पण आज या अल्बमचं नाव काढलं की गाण्यांबद्दल कुणी बोलत नाही, सगळे स्नेअर ड्रमबद्दल बोलतात. पत्र्याचा डबा, कचऱ्याची बादली वगैरे. एकदा विनोद झाला की विचार थांबतो, आणि हा आवाज विचार करण्यासारखा आहे. निदान माझ्यासारख्याला तरी, ज्याचे दिवस ताणलेले पातळ पडदे कसे थरथरतात हे मोजण्यात जातात. माझं मत आधीच सांगून टाकतो: आवाज म्हणून मला तो आवडतो, पण या गाण्यांत तो चुकीच्या जागी पडलाय. का, ते सांगायला थोडं भौतिकशास्त्र लागेल.

स्नेअर म्हणजे साधारण 14 इंच व्यासाचा, दोन्ही बाजूंनी मढवलेला ड्रम. वरचं हेड, ज्यावर काठी पडते, ते सहसा पाव मिलिमीटर जाड. खालचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पातळ, आणि त्याला चिकटून स्टीलच्या वेटोळ्या तारा, बहुधा वीस. काठी पडली की वरचं हेड आतली हवा ढकलतं, हवा खालच्या हेडला ढकलते, ते तारांना उडवतं आणि तारा परत येऊन हेडवर आपटतात. तो 'छर्र' आवाज इथून येतो. या तारा दोन कामं करतात. हेडची थोडी ऊर्जा खाऊन त्याचा झंकार लवकर संपवतात, आणि उरलेल्या झंकारावर सर्व वारंवारतांमध्ये पसरलेल्या गोंगाटाची चादर घालतात. ड्रमच्या बाजूला एक खटका असतो. तो सोडला की तारा खालच्या हेडपासून सुटतात आणि स्नेअर एखाद्या लहान टॉमसारखा वाजायला लागतो.

लार्स उलरिकने नंतर सांगितलंय की एक दिवस तो खटका लावायलाच विसरला, रेकॉर्डिंग ऐकताना तो आवाज त्याला आवडला, आणि मग तोच ठेवला. विसरण्यात काही गैर नाही. प्रश्न पुढचा आहे: चादर काढल्यावर खाली काय सापडतं?

खाली सापडतो गोल पडदा, आणि गोल पडदा मुळात बेसूर असतो. तार छेडली की तिचे वरचे स्वर मूळ स्वराच्या 2, 3, 4 पट येतात, म्हणून कानाला एकच सूर ऐकू येतो. आदर्श गोल पडद्याचे मोड मात्र 1, 1.59, 2.14, 2.30, 2.65 असे येतात. यात पूर्णांक शोधून सापडत नाही. तबल्याच्या शाईचं थोरपण इथेच आहे. मधलं ते वजन हे मोड सरकवून जवळजवळ पूर्णांकांवर आणून बसवतं. रामन आणि कुमार यांनी 1920 मध्ये 'नेचर'मध्ये हेच दाखवलं होतं. ड्रम किटला शाई नाही. तिथे सूर लावणं म्हणजे तडजोड.

त्यात भर म्हणजे सगळे मोड सारखे टिकत नाहीत. पडद्याचा मध्य एकसंध वरखाली होतो तो पहिला मोड आपली ऊर्जा हवेला पटकन देऊन टाकतो. पडद्याचा अर्धा भाग वर आणि अर्धा खाली जातो तो दुसरा मोड हवेला तितकं नीट ढकलू शकत नाही, म्हणून रेंगाळतो. ड्रमर बोल्टजवळ टकटक करून ऐकतो तेव्हा तो मुख्यतः हाच मोड ऐकत असतो. एखादा बोल्ट जास्त आवळला गेला की हा मोड फुटून दोन जवळजवळच्या स्वरांत वाजतो आणि झंकार 'वांव-वांव' करायला लागतो. म्हणून तर समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे पिळत, चांदणी काढल्यासारखं फिरत जायचं.

आता 'सेंट अँगर' ऐका. गिटार खूप खाली उतरवलेल्या, एकही सोलो नाही, गाणी लांबलचक, आणि डबल बास ड्रमची सरबत्ती. तारा लावलेल्या स्नेअरचा सूर इतका धूसर असतो की तो कुठल्याही कॉर्डवर चालून जातो. तारा सोडल्यावर स्नेअरला ठसठशीत सूर येतो, आणि गिटारचे कॉर्ड बदलले तरी तो बदलत नाही. म्हणजे बँडमध्ये एक जादा वादक बसवलाय, ज्याला एकच बेसूर नोट येते आणि जो ती प्रत्येक दुसऱ्या-चौथ्या मात्रेला, सव्वा तास, वाजवतो. कान दमतो तो याने. जलद भागात तर एक झंकार संपायच्या आत पुढचा येतो.

झंकार हा काही गुन्हा नाही. साल्सामधल्या टिंबालेसना तारा नसतातच, आणि ते खणखणतात म्हणूनच छान वाटतात, पण तिथे त्या खणखणाटासाठी जागा ठेवलेली असते. बिल ब्रुफोर्डचा 'येस'मधला स्नेअरही भरपूर वाजत राहतो, पण त्यावर तारांची 'छर्र' आहे आणि भोवताली मोकळी हवा आहे.

बचाव नेहमी एकच येतो: आवाज कच्चा आहे, प्रामाणिक आहे. हे मला पटत नाही. तासन्‌तास जॅम करून त्याचे तुकडे संगणकावर जोडून ही गाणी बांधली गेली. इतकी जोडाजोड केलेल्या अल्बमवर ड्रम तेवढा 'जसा आला तसा' असू शकत नाही, तोही निवडलेलाच आहे. निर्माता तोच बॉब रॉक, ज्याने 1991 च्या काळ्या अल्बमवर याच ड्रमरचा भरदार, आटोपशीर स्नेअर घडवला होता. त्यांना येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. आणि झंकार थोडा आवरायचा असता तर उपाय पैशाचा नव्हता: जुन्या हेडची कापलेली रिंग कडेला ठेवायची, किंवा सरळ पाकीट. रेंगाळणारे मोड कडेलगतही बऱ्यापैकी हलतात, त्यांना तिथेच चाप बसतो.

काही चाहत्यांनी 2015 मध्ये अख्खा अल्बम नेहमीच्या स्नेअरसह नव्याने वाजवून टाकला. 'बघा, स्नेअरच दोषी होता' याचा पुरावा म्हणून लोक तो दाखवतात. पण त्यात गिटार नव्या, गाणारा नवा, मिक्स नवं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे आम्हाला बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला शिकवतात. त्या आवृत्तीचं श्रेय एकट्या स्नेअरला देता येणार नाही.

माझा हिशोब वेगळा आहे. 'फ्रँटिक'मध्ये हा स्नेअर मला चालतो, कारण सुरुवातीच्या तुटक वाजवण्यात त्याला संपायला वेळ मिळतो. आठ मिनिटांच्या वरच्या 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर'मध्ये चौथ्या मिनिटाला माझा हात आवाज कमी करायला जातो.